न तुटलेली काच

तीन महिन्यांपूर्वी इंजिनीअरबाईंनी जुन्या वाचनालयाच्या कमानीतल्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवली होती. परीक्षा साधीच. भिंत सरकली तर काच तडकणार, नाही तर शाबूत राहणार. शाबूत राहिली तर दीडशे वर्षांच्या इमारतीला सुरक्षिततेचा दाखला, तडकली तर दुरुस्तीपर्यंत टाळं.

आज शिडी चढून पाहिलं, तर काच शाबूत! पण बाईंना काही ते पटेना. चुन्याच्या भिंतीवर कुणा दीडशहाण्याने सिमेंट थापून वर गुलाबी रंग फासला होता. ओल आतल्या आत कोंडलेली. बोट लावलं तर पापुद्रा सुटला आणि कुबट वासाचा लगदा नखात गेला. बाईंनी बोट शिडीला पुसलं.

त्यांनी काचेवरची तारीख वाचली. तारीख त्यांचीच, अक्षर मोत्यासारखं. बाईंचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला.

"ही काच कुणी बदलली?"

खाली शिडी धरून उभे असलेले ग्रंथपाल हसले. "मीच की! तुटलेली काच बरी दिसते का? परवा समारंभ आहे, पाहुणे येणार."

"किती वेळा बदललीत?"

"आधी महिन्याने तुटायची. हल्ली दोन दिवस टिकत नाही. माल हलका येतो हो."

कमानीखाली चाळीसेक मुलंमुली माना खाली घालून परीक्षेचा अभ्यास करत होती.

"अहो, माल हलका नाही, कमान सरकतेय!"

"हळू बोला, बाई. इतकी वर्षं उभी आहे, आणखी दोन दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे? तुम्ही आपली सही करा. कागद माझ्या टेबलावर तयार आहे."

बाईंनी वरूनच पाहिलं. टेबल जागेवर नव्हतं. तिथे मुलांसाठी दोन जादा बाकं टाकली होती.

"टेबल कुठे गेलं?"

"पलीकडच्या नव्या खोलीत नेलं. इथे डोक्यावर सारखी माती पडते, जीव घाबरा होतो."

बाईंना त्या माणसाची किळस आली. भिंतीतला लगदा परवडला.

"उठा सगळे!" त्या ओरडल्या. "पुस्तकं राहू देत. कमान पडतेय, आत्ताच्या आत्ता बाहेर व्हा!"

चाळीस चेहरे दचकून वर झाले. तेवढ्यात बाईंची शिडी डगमगली. ती सोडून ग्रंथपाल सगळ्यांच्या आधी दाराबाहेर पोचले होते.