कारण सांगता आलं पाहिजे

महिपतींनी ब्लेडने पेन्सिलीला टोक काढलं, कचरा वर्तमानपत्राच्या कपट्यात नीट गुंडाळला आणि मुलाचं बायबल पुढ्यात ओढून घेतलं. चष्मा कपाळावरून नाकावर आला. पानावर बोट ठेवून त्यांनी विचारलं,

"देव एक की तीन?"

"एक," हरिचंद्र म्हणाला.

"मग बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा हे कोण?"

"तेच. म्हणजे आता पाणी असतं ना, बाबा. त्याचाच बर्फ होतो, त्याचीच वाफ होते. पण पाणी एकच."

"हे कोणी सांगितलं?"

"पास्टरनी."

"एकच तांब्याभर पाणी एकाच टायमाला बर्फ पण आणि वाफ पण असतं का? इथे बघ. मुलगा नदीत उभा, बाप वरून बोलतोय, आत्मा कबुतरासारखा खाली येतोय. तिघं एकाच टायमाला. तुझं पाणी इथे नाही चालत." महिपतींनी समासात बारीक फुली मारली. "पुढच्या रविवारी तयारी करून बस."

चहा घेऊन आलेली संजीवनी दारातच थबकली. चव्वेचाळीस वर्षांचा आपला नवरा चौथीतल्या पोरासारखा मान खाली घालून बसलेला बघून हसावं की रडावं, हे तिला कळेना. तिने कप ठेवले आणि ती आत गेली.

महिपतींनी एकतीस वर्षं अंबरनाथच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासले होते. भाग मापात बसला तर पुढे, नाही बसला तर लाल ठिपका लावून मागे. कामगारांनी हातापाया पडूनही तो ठिपका कधी पुसला गेला नाही. निवृत्तीला वीस वर्षं झाली, बायको गेली, गुडघे गेले, स्वभाव मात्र जागचा हलला नाही.

त्यात घराण्याची रीत होती. महिपतींचे वडील जनू यांनी छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना भर चौकात अडवलं होतं. तुझे देव का सोडलेस, सांग. जनूंना अक्षरओळख नव्हती, पण बावीसच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ होत्या आणि प्रत्येकीमागचं कारण सांगता येत होतं. ते दुपारभर उन्हात उभे राहून सांगत राहिले. विचारणारे दमले, हे दमले नाहीत. तेव्हापासून या घरात काही धरायचं असो की सोडायचं, कारण सांगता आलं पाहिजे.

त्यामुळे मी येशूला मानतो, बाप्तिस्मा घ्यायचा म्हणतोय, असं हरिचंद्रने चाचरत सांगितलं, तेव्हा महिपतींनी आकांडतांडव केलं नाही. ते एवढंच म्हणाले,

"मला समजेल असं सांग. पटलं नाही तरी चालेल, समजलं पाहिजे. समजलं तर तुझ्या बाप्तिस्म्याला येईन, पहिल्या रांगेत बसेन. नाही समजलं तर जनूचा नातू म्हणून या घरात राहायचं नाही. बॅग भरायची."

म्हातारा बोलल्यासारखं करणारा होता. ते राहायचे त्या बेलवलीत कुणालाही विचारा.

आणि हरिचंद्रकडे कारण नव्हतं असं नाही, पण ते मांडण्याजोगं नव्हतं. उल्हासनगरात जीन्स शिवायच्या एका कारखान्यात तो कटर होता. अडीच वर्षांपूर्वी एका दुपारी तो तिथेच कपड्याच्या ढिगाऱ्यावर कोसळला. सकाळपासून प्यायलेला, अंगभर ओकलेला. शेठ म्हणाला, इसको बाहर निकालो. तेव्हा धागे तोडणारी भागीरथीबाई उठली. तिने ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "येशू, याला बघ." बस्स. ना उपदेश, ना दटावणी. पुढचे चार दिवस त्याच्या हातापायांना कापरं भरायचं, तेव्हाही ती डबा घेऊन यायची, डोक्यावर हात ठेवायची आणि तेच तीन शब्द म्हणायची. पाचव्या दिवशी कापरं थांबलं. कुणीतरी आपल्याला बघतंय, सगळ्या घाणीसकट बघतंय आणि तरी तोंड फिरवत नाही, असं हरिचंद्रला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. त्या दिवसापासून शहाड स्टेशनबाहेरचा बार आला की तो मनात म्हणायचा, येशू, मला बघ. आणि पुढे निघून जायचा. अडीच वर्षं ते तीन शब्द पुरले होते.

आता हे बापाला कसं सांगणार? एकदा सांगून बघितलं होतं. "मला असं वाटतं, बाबा," अशी सुरुवात केली, तर महिपतींनी हात वर केला. "वाटतं नको. वाटण्यावर काही ठरत नाही."

म्हणून तो अभ्यासाला लागला. भागीरथीबाईच्या चर्चचा पास्टर अल्पेश वयाने लहान होता, पण मनाने मोकळा. बर्फाचं उदाहरण चुकीचंच आहे, काका, तुमच्या बाबांनी बरोबर पकडलं मला, असं म्हणून त्याने जाडजूड पुस्तकं काढून दिली. हरिचंद्र जेवणाच्या सुट्टीत वाचायचा, कटिंगच्या टेबलावर खडूने टिपणं काढायचा आणि कापड पसरायच्या आधी पुसून टाकायचा. दर रविवारी सकाळी परीक्षा.

"पाप मी केलं, शिक्षा दुसऱ्याला. कुठल्या कायद्यात बसतं?"

"दुसऱ्याला नाही, बाबा. ज्याचा अपराध झाला त्यानेच ती स्वतःवर घेतली. तिसऱ्या कुणाला पकडून आणलं असतं तर अन्याय झाला असता."

महिपतींनी पेन्सिल कानामागे खोचली. "म्हणून येशू देव असणं जरूरी आहे. नुसता चांगला माणूस असता तर हिशेब लागला नसता."

"हो."

"आणि माणूस असणं पण जरूरी. नाहीतर आपल्या जागी कसा उभा राहील?"

"हो, बाबा."

"बसतंय." म्हातारा खुशीत येऊन मांडीवर थाप मारत म्हणाला, "मला पटत नाही बरं का. पण बसतंय. पुढचं घे. मेलेला उठला, साक्षीदार कोण?"

महिपती बदलत चालले होते. बायको गेल्यापासून दिवसभर भिंतीकडे बघत बसणारा माणूस आता पहाटेच उठून प्रश्न काढू लागला. संजीवनीला ते म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला डोकं आहे गं. वाया घालवलं होतं." वीस वर्षांत त्यांनी मुलाबद्दल काढलेला हा पहिला बरा शब्द होता. दारुडा म्हणून जो पोरगा त्यांनी लोकांसमोर नाकारला होता, त्याच्याविषयी ते विहारात जाऊन दौलतरावांना म्हणाले, "माझ्या हरीने वाट बदलली, मान्य. पण आंधळेपणाने नाही. घरी या, विचारा त्याला."

दौलतराव खरंच आले. पूर्वी कामगार संघटनेत भाषणं ठोकलेले, आवाज खणखणीत. दीड तास त्यांनी हरिचंद्रला उलटसुलट प्रश्न विचारले. देव दयाळू तर दुःख का, बाबासाहेबांनी हा धर्म का घेतला नाही, सगळं विचारलं. हरिचंद्रने आवाज न चढवता एकेक उत्तर दिलं. जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणाला. शेवटी दौलतराव उठले आणि महिपतींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जनूबाबांचा नातू शोभतो." महिपतींनी खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसला.

त्याच आठवड्यात सोमवारी संध्याकाळी हरिचंद्र शहाडला बारसमोरून चालला होता. सवयीने तो मनात म्हणाला, येशू, मला बघ. आणि डोक्यात कुणीतरी शांतपणे विचारलं, प्रार्थना कुणाला, पित्याला की पुत्राला? पुत्राच्या नावाने पित्याला, हे उत्तर त्याला ठाऊक होतं. त्याने वाक्य दुरुस्त करून पुन्हा म्हटलं. मग सर्वज्ञ देवाला बघ म्हणून सांगण्याची गरज काय, असा प्रश्न आला. त्याचंही उत्तर होतं, दोन उत्तरं होती. दोन्ही बरोबर होती. ती देऊन झाल्यावर तो वाट बघत उभा राहिला. नेहमीसारखं छातीत काहीतरी सैल होईल, मग निघू. आत ग्लास धुतल्याचा आवाज येत होता. काहीच झालं नाही. तो घरी गेला, पण कशाच्या जोरावर गेला, हे त्याला सांगता आलं नसतं.

मंगळवारी तेच. बुधवारी त्याने ते तीन शब्द म्हटलेच नाहीत, कारण ते आता प्रश्नपत्रिकेतल्या वाक्यासारखे वाटत होते. घशाला मात्र कोरड पडली होती. जुनी, ओळखीची कोरड.

त्याने भागीरथीबाईला गाठलं. ती पायाशी जीन्सचा ढीग घेऊन धागे तोडत होती.

"मावशी, जरा माझ्यासाठी बोल ना. तू बोलायचीस तसं."

"अरे बाबा, आता तूच मला शिकव." ती संकोचून हसली. "पास्टर सांगत होता, बाप्तिस्म्यानंतर हरिचंद्र आपला क्लास घेणार. मी अडाणी, तुझ्यासारख्याच्या डोक्यावर हात ठेवू का आता? लाज वाटते रे."

त्याने खूप विनवलं, तेव्हा तिने हात ठेवला. पण शब्द नीट यावेत म्हणून ती अडखळली, पास्टरसारखी लांबलचक प्रार्थना करू लागली आणि मध्येच विसरली. दोघंही ओशाळले.

पास्टर अल्पेशला सांगितलं, तर तो म्हणाला, "हे सगळ्यांना होतं, काका. भावना येतात-जातात. तुमचा पाया आता पक्का आहे." तो खोटं बोलत नव्हता. पायाच तेवढा उरलाय, असं हरिचंद्रला म्हणायचं होतं.

शनिवारी संध्याकाळी त्याने शेवटचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा दुसऱ्याच दिवशी होता आणि महिपती त्यासाठी पांढरा शर्ट स्वतः इस्त्री करत होते.

"बाबा, एवढ्यात नको घ्यायला बाप्तिस्मा. मला थोडं..."

"का?" इस्त्री थांबली. "काही चुकतंय का? कुठला मुद्दा?"

हरिचंद्रने मुद्दा शोधला. सगळे जागच्या जागी होते, एकही फुली उरली नव्हती. एवढं मोठं घर बांधून झालं होतं आणि राहायला येणाराच निघून गेला होता. हे कुठल्या मुद्द्यात बसवायचं?

"नाही. चुकत काही नाही."

"मग? घाबरलास होय?" महिपती हसले, अगदी मऊ हसले. "हे बघ. तुझ्या आईला मी म्हणायचो, हा पोरगा वाया गेला. ती म्हणायची, थांबा. ती असती तर उद्या आली असती."



रविवारी महिपती तीन जिने चढले. प्रत्येक मजल्यावर थांबले, संजीवनीने दंड धरला तर सोडवून घेतला. शहाडला चर्चची सभा भरायची त्या इमारतीच्या गच्चीवर निळी टाकी पाण्याने भरून ठेवली होती, चढायला शेजारी स्टूल. पन्नास-साठ माणसं होती. महिपती पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर ताठ बसले. शेजारच्या अनोळखी बाईला त्यांनी सांगितलंसुद्धा, तो मुलगा माझा. मी बौद्ध आहे, पण तो मुलगा माझा.

हरिचंद्रचा नंबर तिसरा होता. पाणी छातीपर्यंत आलं, थंडगार. पास्टर अल्पेशने त्याच्या पाठीला आधार दिला आणि विचारलं,

"येशू ख्रिस्त देवाचा पुत्र आहे, तो तुझ्या पापांसाठी मेला आणि पुन्हा उठला, यावर तुझा विश्वास आहे का?"

एवढ्या रविवारांत हा प्रश्न महिपतींनी एकदाही विचारला नव्हता. अर्थ काय, विचारला होता. पुरावा काय, विचारला होता. हरिचंद्रने स्वतःच्या आत हात घालून चाचपलं. कोपऱ्यान् कोपरा चाचपला. मग त्याने समोर बघितलं. म्हातारा पुढे झुकला होता, उत्तर ऐकायला कानामागे पंजा धरून.

"आहे," हरिचंद्र पुटपुटला.

"हरी," महिपती भर गच्चीत ओरडले, "मोठ्याने सांग. मागच्यांना ऐकू नाही आलं."

लोक मायेने हसले. हरिचंद्रने छाती भरून श्वास घेतला आणि मागच्या भिंतीपर्यंत पोचेल असं, स्पष्ट, पुन्हा सांगितलं. त्या दिवशी पाचजणांनी बाप्तिस्मा घेतला. इतकं खणखणीत उत्तर दुसऱ्या कुणीच दिलं नाही.