भूल देण्याआधीचा प्रश्न

संस्कृतीला टॉन्सिलच्या ऑपरेशनसाठी आत न्यायच्या आधी भूलतज्ज्ञ डॉक्टर शेफाली खोलीत आल्या. "घरात कुणाला भूल दिल्यावर फार उलट्या झाल्या होत्या का? आईला, वडलांना?" टॉन्सिल काढल्यावर मुलांना उलट्या होतात, ओकण्याच्या जोराने घशातल्या जखमेतून रक्त येऊ शकतं, आणि हा त्रास घराण्यात असला तर औषधं आधीच वाढवावी लागतात, असं त्यांनी समजावलं.

"नाही. आमचं दोघांचं कधी ऑपरेशनच झालेलं नाही," तेजस म्हणाला. दीपालीनेही मान हलवली.

स्ट्रेचर निघालं तसा तेजस मागोमाग थिएटरच्या दारापर्यंत गेला. बऱ्याच वेळाने परत आला तो घामाघूम होऊन. बापाचं काळीज, दीपालीला वाटलं. तिने पाण्याची बाटली पुढे केली.

ऑपरेशन नीट झालं. संस्कृती जागी झाली, घोगऱ्या आवाजात थोडी रडली आणि आईच्या ओढणीचं टोक मुठीत धरून पुन्हा झोपली. दुपारी डॉक्टर शेफाली बघायला आल्या.

"एकदाही उलटी नाही ना? छान. बरं झालं, तुमच्या मिस्टरांनी दारात येऊन सांगितलं. स्वतःच्या ऑपरेशननंतर ते दिवसभर ओकत होते म्हणाले, म्हणून हिला मी जास्तीचं औषध दिलं. आता थंड पाणी घोटघोट देत राहा. आणि हिला रडू देऊ नका, घशावर ताण येतो."

डॉक्टर गेल्या. तेजस खिडकीतून खाली शनिवार पेठेतल्या गल्लीकडे बघत राहिला.

"कसलं ऑपरेशन?" दीपालीने विचारलं. ओढणी अजून पोरीच्या मुठीत होती, त्यामुळे अंगाई म्हणावी तितक्याच हळू आवाजात तिला बोलावं लागत होतं.

"ही लहान असताना मी हैदराबादला ट्रेनिंगला गेलो होतो ना..."

"मी बॅग भरून दिली होती."

"ट्रेनिंग नव्हतं. नसबंदी करून घेतली. सुईची भीती वाटते म्हणून पूर्ण भूल द्यायला लावली."

दुसऱ्या बाळासाठी दीपाली वर्षानुवर्षं गोळ्या गिळत होती, इंजेक्शनं घेत होती. गोळ्यांनी सकाळी मळमळायचं तेव्हा हाच पाठीवरून हात फिरवायचा. सासूबाई, इंदुबाई, "आमच्याकडे कुणाला मूल व्हायला असला त्रास नाही," म्हणायच्या तेव्हा हा खाली मान घालून जेवायचा. गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनी त्यालाही तपासणी सांगितली, तर एकटाच जाऊन आला आणि सगळं नॉर्मल आहे म्हणाला.

"मला एकच मूल हवं होतं," तेजस म्हणाला. "तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलंच नाहीस. आणि गोळ्या खाऊ दिल्यास."

"सांगणार होतो. रोज सांगणार होतो. आज पोरीच्या जिवाचा प्रश्न होता म्हणून..."

"हो. पोरीसाठी सांगितलंस. ते बरं केलंस."

संस्कृती चुळबुळली. दीपालीने चमच्याने तिच्या ओठांत गार पाणी सोडलं. ते गिळताना पोरीचा चेहरा वेडावाकडा झाला, पण रडली नाही.

"आईंना फोन कर," दीपाली म्हणाली. "दोष कुणात आहे ते त्यांना तुझ्या तोंडून कळू दे."

तो फोन घेऊन बाहेर गेला. दार नीट लागलं नव्हतं. "हो आई... नाही, उलटी नाही झाली... हो, झोपलीय... बरं, ठेवतो." एवढंच.

तो आत यायच्या आधी दीपालीने स्वतःचा फोन उचलला. नारायण पेठेतून तिच्या आईचा आवाज आला.

"आई, उद्या डिस्चार्ज मिळाला की संस्कृतीला घेऊन तिकडेच येते. मऊ भात करून ठेव."

"ये की. तेजसराव पण येतायत?"

तेजस दारात उभा होता.

"नाही," दीपाली म्हणाली. "आम्ही दोघीच."