चारही चाकांचे माप

ताईने पेटी भरली होती. चढावरील आपल्या घरास कुलूप लावून ती मुलाकडे, दूरच्या शहरी, कायमची राहावयास निघाली होती. गुडघे दुखावल्यापासून तिला दवाखान्यासाठी पायी उतरणे अशक्य झाले होते, आणि त्या खडीच्या घसरड्या चढावर भाड्याची कोणतीही गाडी यावयास धजत नव्हती. तिचा धाकटा भाऊ व्यवसायाने शिंपी होता. त्याने तिला शब्द दिला होता, "रविवारपर्यंत थांब. चारही चाकांना जोर असलेली गाडी आणतो. ती चढली तर तू इथंच राहायचंस."

आणि आज रविवार उजाडला होता.

गाडी जुनी, परंतु घरंदाज दिसत होती. मागे मुलाबाळांसाठी प्रशस्त बैठक होती. मालक एक निवृत्त पोस्टमास्तर होते. शिंप्याचा मेहुणा गॅरेजवाला असल्याने परीक्षेचा मान साहजिकच त्याच्याकडे होता. त्याने बॉनेट उघडले, कान लावला आणि निकाल दिला, "भावोजी, इंजिन ठणठणीत आहे. डोळे झाकून घ्या."

परंतु डोळे झाकून काही घेणे शिंप्याच्या रक्तात नव्हते. तीस वर्षे कात्री चालवताना त्याने एक नेम कसोशीने पाळला होता. गिऱ्हाइकाचा एक पाय मोजला म्हणून दुसरा तेवढाच असेल असे तो कदापि धरून चालत नसे. त्याने खिशातून कापडावर खुणा करावयाचा खडू काढला आणि चारही चाकांवर, जमिनीस टेकल्या जागी, एकेक रेघ ओढली.

"अहो, काय चाललंय हे?" सोबत आलेली त्याची बायको कुजबुजली. "लोक बघतायत!"

"गाडीला पॅन्ट शिवताय का, भावोजी?" मेहुणा खो-खो हसू लागला.

"शिवीन. आधी ढकला. बरोबर एक फेरा."

गिअर सोडवून सर्वांनी गाडी ढकलली. पोस्टमास्तरांनीही सभ्यपणे हात लावला. तीन चाकांवरील रेघा एकाच क्षणी पुन्हा जमिनीस टेकल्या. चौथी मात्र दोन बोटे मागे राहिली.

मेहुण्याचे हसू जागीच विरले. तो खाली बसला आणि चाकावरून हात फिरवत ओशाळून म्हणाला, "हा टायर नवाकोरा आहे, बाकीचे झिजलेले. अशा गाडीत चारही चाकं बरोबरीची लागतात. नाहीतर आतल्या आत ओढाताण होऊन यंत्रणाच बसते. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"पंक्चर झालं तेव्हा नवा घातला," पोस्टमास्तर कानकोंडे झाले. "जुना दुरुस्त करून मागे ठेवलाय. मला वाटलं, नवा म्हणजे चांगलाच."

जुने चाक चढविण्यात आले. शिंप्याने पुन्हा रेघा ओढल्या, पुन्हा ढकलावयास लावले. या खेपेस चारही रेघा एकदम टेकल्या, आणि मगच त्याने व्यवहाराचा हात पुढे केला.

दुपारी गाडी चढाच्या पायथ्याशी आली. शिंप्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ती चढाला लावली. बायकोने मेहुण्याचे, म्हणजे स्वतःच्या भावाचे, मनगट घट्ट आवळले होते.

"तायडे, माझा हात सोड, तो इंजिनाला जोडलेला नाही!"

अर्ध्यावर खडी करकरली. एक चाक किंचित सरकले, उरलेल्या तिन्हींनी सावरून घेतले, आणि गाडी सावकाश, न थबकता, थेट ताईच्या दारात जाऊन उभी राहिली.

ताई दारात पेटीवरच बसली होती. तिने गाडीकडे पाहिले, मग भावाकडे.

"आलास? मला वाटलं, गिऱ्हाइकांसारखी मलाही पुढच्या आठवड्याची तारीख देशील."

"पेटी कुठं ठेवू, ताई?" मेहुण्याने विचारले.

"आतच ने." ती काठी टेकत उठली. "आणि रिकामी कर. चहाचे कप तळाशी गेलेत."