पाठीवरची मार्जान

संचालक साहेब, तुम्ही एका बाईचं तोंड बुजवलंत आणि कागदावर लिहिलंत, 'दुरुस्ती'.

मित्रांनो, मी एक जुना कॅनव्हास आहे. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर, तुमच्या या साहेबांच्या संग्रहालयाच्या आधुनिक कलेच्या दालनात टांगलेला. जन्माने मी शिडाचं कापड. शीड फाटलं तेव्हा तुदाल नावाच्या चित्रकाराने माझा तुकडा चौकटीवर ठोकला आणि त्यावर आपली बायको मार्जान रंगवली. हाताला सार्डिन माशांचे खवले चिकटलेली, रागाने बघणारी. पुढे लढाईच्या दिवसांत कापड मिळेना, म्हणून त्याने मला उलटं ठोकलं आणि कोऱ्या बाजूवर काळे-निळे पट्टे ओढले. ते पट्टे गाजले. शहाणी माणसं हाताची घडी घालून माझ्यासमोर उभी राहायची. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पण मार्जानचा फोटो कुणी काढलाच नव्हता. ती गेली तेव्हा तिची मुलगी सोआझिग सहा वर्षांची होती. आता एक्याऐंशीची आहे. आईचा चेहरा तिला जगात एकाच ठिकाणी दिसायचा, माझ्या पाठीवर. मंगळवारी संग्रहालय बंद. महिन्यातल्या एका मंगळवारी पहारेकरी फिर्मिन तिला आत घ्यायचा आणि मला उलटं धरायचा.

"केस विंचरून आलात, मावशी?"

"आईसमोर तशीच येऊ? नीट धर मेल्या, मागच्या वेळी तिला भिंतीवर आपटलंस."

यंदा हिवाळ्यात मला दुरुस्तीच्या खोलीत नेलं. "पाठीमागे बाई आहे," तिथली कारागीर मुलगी म्हणाली.

"नोंदवहीत चित्र एकच आहे," तुमचा माणूस म्हणाला. "पाठ ती पाठ. आधाराचं कापड चिकटवा."

गरम इस्त्री फिरली. वितळलेलं मेण धाग्याधाग्यात उतरलं आणि एक कोरं कापड मार्जानच्या तोंडावर बसलं. चाळीस वर्षं मला हातमोजे घालून उचलणाऱ्यांनी हे केलं. मी अजून सुन्न आहे.

मी दालनात परतल्यावर, सोआझिगच्या मंगळवारी, फिर्मिनने मला उलटवलं.

"दुसरंच काढलंस रे," सोआझिग म्हणाली.

"नाही मावशी. हेच ते."

तिने कापडाला बोट लावून पाहिलं. मग ती खुर्चीवर बसली, कोट न काढता. फिर्मिन मला धरून तसाच उभा राहिला.

मित्रांनो, वस्तू जपायची तर आधी ती उलटून बघावी.

मेण पुन्हा वितळतं, साहेब. त्या कारागीर मुलीनेच फिर्मिनला सांगितलं. सोआझिगचा अर्ज तीन महिने तुमच्या टेबलावर पडून आहे. कापड कधी काढताय? तारीख सांगा.