सातवा आकडा

भिंगवाल्यांनी ट्रकच्या सांगाड्यावर कोरलेल्या चॅसी नंबरवर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून घासली. सहा आकडे उमटले, सातवा नाही. कागद सरकवून पुन्हा घासला, पुन्हा तेच. मग कागद काढून त्यांनी लोखंडावरून नुसता अंगठा फिरवला. आठ होता. डोळे मिटूनही कळला असता.

"आठच आहे ना?" मागे उभ्या असलेल्या मुलीने विचारलं. "बाबांनी अर्जावर लिहिलं होतं."

लिहिलं होतंच. पण सीमेवरच्या या फाटकातून आत जाण्यासाठी परदेशी ट्रक-कंपन्यांची नोंदणी करायची तर प्रत्येक गाडीच्या नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा अर्जाला हवा, आणि ठशात एक आकडा जरी अंधुक निघाला तरी भिंगवाले अर्ज परत पाठवत. भिंग कधी हातातून सुटत नसे, म्हणून सीमेपलीकडच्या ड्रायव्हरांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. ते प्रेमाने ठेवलेलं नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा अभिमानच वाटे.

या मुलीच्या वडिलांची कंपनी म्हणजे हा एकच ट्रक. त्यांचा अर्ज आठ महिन्यांत चारदा परत गेला होता. नियम फक्त 'नंबर तपासावा' एवढंच म्हणत होता. ठशाची पद्धत पडली होती ती खुर्चीवरून उठून आवारात यावं लागू नये म्हणून. कचेरीच्या खिडकीपासून ट्रकपर्यंत चाळीस पावलं होती.

आज मुलगी कागदपत्रं परत न्यायला आली होती. गाडी विकली, सोमवारी ताबा द्यायचा, असं तिने खिडकीशी सांगितलं, तेव्हा भिंगवाले उठून आवारात आले.

"सोमवारपर्यंत गाडी वडिलांचीच ना?" त्यांनी आता विचारलं.

"हो."

"मग नोंद आजच करून देतो. एक फेरी तरी होऊ दे त्यांची."

"बाबांचं मोठ्या गाडीचं लायसन्स गेल्या महिन्यात संपलं. वयामुळे आता नवीन मिळत नाही." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर भिंगवाल्यांना बरं वाटलं असतं.

"मग गाडी इथवर आणली कुणी?"

"घेणाऱ्यांच्या ड्रायव्हरने."

भिंगवाल्यांनी मान वर केली. स्टिअरिंगवर एक अनोळखी माणूस जांभया देत होता. बाजूच्या सीटवर म्हातारा बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, पाहुण्यासारखा अंग चोरून.

ते आत गेले. रजिस्टरात नोंद, सही, शिक्का. दहा मिनिटांत झालं सगळं. प्रमाणपत्र त्यांनी स्वतःच केबिनच्या खिडकीतून वर दिलं.

म्हाताऱ्याने ते बोट फिरवत वाचलं.

"पाच वर्षं," तो म्हणाला.

"त्याहून कमी मुदतीचं देता येत नाही."

"अक्षर छान आहे तुमचं."

"फाटक उघडायला सांगतो," भिंगवाले घाईने म्हणाले. "ड्रायव्हर चालवील. मालकाला सोबत जाता येतं, नियमात आहे तसं."

म्हाताऱ्याने काचेतून समोर पाहिलं. फाटकापलीकडे रस्ता गोदामांच्या कडेने जाऊन वळत होता.

"तीस वर्षं या फाटकाशी माल उतरवला," तो म्हणाला. "त्या वळणापुढे काय आहे, कधी पाहिलं नाही."

"मग बघून या की."

"नको, साहेब. स्वतः चालवत जायचं ठरवलं होतं. असं बाजूला बसून नको."

"माझं चुकलं," भिंगवाले म्हणाले. ते इतक्या हळू म्हणाले, की म्हाताऱ्याला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

म्हाताऱ्याने कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली, दांड्याला धरून एकेक पाय टाकत तो खाली उतरला आणि ट्रकच्या मागे गेला. गाडी वळवायला आवारात जागा कमीच होती. काहीतरी आणखी बोलावं म्हणून भिंगवालेही मागोमाग गेले. पेन्सिलीने काळा झालेला अंगठा ते दुसऱ्या हाताने पुसत राहिले.

म्हाताऱ्याने हात वर करून ड्रायव्हरला खूण केली.

"येऊ दे... येऊ दे..."

ट्रक मागे येऊ लागला, आणि म्हाताऱ्याने एकदम हात आडवा केला.

"साहेब," तो वळून म्हणाला, "जरा बाजूला होता का?"