सहाव्या मजल्याची चार बोटं

काम तीन आठवड्यांचं आहे, असं सांगून कंपनीने मला त्या शहरात पाठवलं आणि मी आठ महिने राहिलो. यात कंपनीचा दोष नाही. दोष माझ्या उजव्या पायाचा.

मी लिफ्ट बसवणारा मिस्त्री. लिफ्टचा डबा थांबला की डब्याची जमीन आणि मजल्याची फरशी एका रेषेत यावी लागते, नाहीतर माणूस ठेचकाळतो. बाकीचे मिस्त्री त्यासाठी बुडबुड्याची पाणसळ लावून बघतात. मी चप्पल काढायचो, अर्धं पाऊल डब्यात आणि अर्धं बाहेर ठेवायचो, डोळे मिटायचो आणि सांगायचो, "केसभर खाली आहे." आमच्या उस्तादांनी म्हातारपणी आपली हत्यारं सगळ्यांना वाटली, मला मात्र काही दिलं नाही. म्हणाले, "तुला काय करायचीत? टाच आहे ना." तेव्हापासून पाणसळीला हात लावायचा म्हणजे मला कमीपणा वाटे.

इमारत सात मजली. बाकीचे मजले लोण्यासारखे जुळले, सहावा तेवढा जुळेना. रोज जेवून आलो की मी त्याच्यामागे लागायचो. डोळे मिटले की पाय म्हणायचा झकास, आणि डोळे उघडून बघावं तर डबा चार बोटं खाली. दर पंधरवड्याला तपासनीस यायचा, तिथेच ठेचकाळायचा आणि वहीत फुली मारून जायचा. एक फुली म्हणजे माझा मुक्काम आणखी पंधरा दिवस. त्या मजल्यावर दातांचा डॉक्टर दवाखाना थाटत होता, तो मात्र खूश. "राहू द्या हो मिस्त्री. पेशंट दात हातात घेऊनच आत येतील."

मी राहायचो एका शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या मागच्या खोलीत. सकाळी त्यांच्या मशीनच्या आवाजाने अर्धवट जाग यायची. खिडकीसमोर काचेची एक उंच इमारत होती, तिच्यातून ढग असे सावकाश जायचे, की ढग चालताहेत की आपली खोली, तेच कळेना. वाटायचं, हे शहर मला स्वप्नात बघतंय आणि त्याला जाग येईपर्यंत मला सुट्टी नाही.

दुपारी एक वाजता घरी फोन. घर सोडलं तेव्हा आमची ठकी अकरा महिन्यांची होती, रांगायची. आता दुडुदुडु पळत होती.

एकदा आमची ही म्हणाली, "अहो, ती आता फोनलाच बाबा म्हणते."

"लहान आहे. समजेल हळूहळू."

"काल चार्जिंगला लावला, तर म्हणाली, बाबा मम्."

मी हसलो. तिकडून हसू आलं नाही. "फार उशीर करू नका," ती म्हणाली. "फोन जुना झालाय. तो बिघडला, तर पोरीला काय सांगू?"

त्या संध्याकाळी मी खोलीत शिरत होतो, तर मावशी मशीन थांबवून म्हणाल्या, "मिस्त्री, एक विचारू? राग नका मानू. माझ्या खोलीला उंबरठा नाही. तुम्ही सात महिने रोज काय ओलांडता?"

मी खाली बघितलं. माझा उजवा पाय अधांतरी होता. नेमका चार बोटं. आमच्या घराचा उंबरठा तेवढाच उंच. म्हणजे फोन ठेवून कामाला लागलो, की पाय घरी जाऊन यायचा आणि सहाव्या मजल्याला आमचा उंबरठा बसवायचा. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी खाली काम करणाऱ्या फरशीवाल्याची पाणसळ मागून आणायची, असं मनाशी ठरवलं. दुपारी फोन झाला, पाणसळ आणण्याआधी एकदा सहाव्यावर गेलो, दार सरकलं, डोळे मिटून पाय टाकला, डोळे उघडले, आणि समोर दवाखाना नव्हता. आमचं स्वयंपाकघर होतं. दोरीवर ठकीची झबली, ओट्यावर पालथी घातलेली भांडी. हिच्या सोबतीला आलेल्या सासूबाई खुर्चीत डुलक्या घेत होत्या. खोटं वाटेल, पण भिंतीवरच्या घड्याळात माझ्याच घड्याळाएवढे वाजले होते. मी उंबरठा ओलांडून आत गेलो.

मग कसली पाणसळ. रोज दुपारी मी घरी. कुणाला दिसायचो नाही, ऐकू जायचो नाही. कोपऱ्यात उभा राहायचो. ही कपड्यांच्या घड्या घालता घालता पुटपुटायची, "बारा गावचं पाणी प्यालेला माणूस, एका लिफ्टपुढे हरला." मला तेसुद्धा गोड लागायचं. तपासनिसाने आणखी दोन फुल्या मारल्या. म्हटलं, मार बाबा, माझं काय जातंय?

पाचव्या आठवड्यात कळलं काय जातंय ते. ठकी टेबलाचा कोपरा लागून पडली. मी धावलो, हात पुढे केले. ती रडत उठली, माझ्यातून आरपार गेली आणि पलंगावरचा फोन उचलून गालाशी धरला. "बाबा, बाबा," म्हणत त्याला मुके देऊ लागली. फोन बंद होता. तरी तिचं रडणं थांबलं. तो निदान हातात तरी येत होता.

मी लिफ्टमध्ये परतलो. खाली जाऊन फरशीवाल्यासमोर उभा राहिलो. "तुझी पाणसळ दे."

"कुणाला हवीय?"

"मला."

त्याने तोंडातला चहा कसाबसा गिळला. "टाच कुठं हरवली, मिस्त्री?"

"घरी राहिलीय," मी म्हणालो.

पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत मी डोळे मिटले नाहीत. डबा चार बोटं वर आला. दार सरकलं, समोर दवाखाना आणि रिकामी खुर्ची. किती वेळा वरखाली केलं, खुर्चीच. पण आता निदान पाय सरळ पडत होता. दोन दिवसांनी तपासनीस आला, ठेचकाळायच्या तयारीने पाय उचलला आणि सपाट फरशीवरच अडखळला. फुली मात्र मारली नाही. मावशी निरोप देताना म्हणाल्या, "आता खाली बघून चाला."

बघितलं असतं तर बरं. घर आलं, दार उघडं होतं, आणि माझा पाय नुकताच सपाट चालायला शिकलेला. उंबरठ्याला अडकलो आणि सामानासकट घरात आडवा.

"आलात?" ही म्हणाली. "बसा. म्हणजे, आहात तसे राहा."

ठकी तिच्या मागे लपली होती. मग पुढे आली. मी जमिनीवर, त्यामुळे आम्ही दोघं एका उंचीचे. तिने मला नीट पाहून घेतलं, जाऊन फोन आणला आणि माझ्या कानाला लावला. पडलेल्या माणसाने बाबाशी बोलावं, एवढाच तिचा चांगुलपणा.

"ठके," मी फोनमध्ये म्हणालो.

तिने फोन उलटा करून पाहिला. मग माझ्या तोंडात बोट घालून आत पाहिलं. पुन्हा फोन. पुन्हा तोंड. फोन तिने जमिनीवर ठेवून दिला, मुठीतलं चोखून भिजलेलं बिस्किट माझ्या तोंडात कोंबलं आणि म्हणाली, "बाबा मम्."

पडताना माझा पुढचा दात अर्धा तुटला होता. बिस्किट भिजलेलं होतं, ते एक बरं झालं.