छातीची सर्दी

आमच्या घरात दमा हा शब्द कधी कोणी उच्चारला नाही. माझे वडील आयुष्यभर बेकरीच्या भट्टीपुढे धापा टाकत उभे राहिले, पण कोणी विचारलं की म्हणायचे, "छातीची सर्दी आहे." तीच सर्दी मला तिशीत लागली. माझा श्वासाचा पंप मी यीस्टच्या डब्यामागे लपवायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची. धापा टाकणाऱ्याच्या हातचा पाव कोण घेणार?

मुलगी चांगली नोकरी सोडून बेकरीत आली, तेव्हा मला स्वर्ग दोन बोटं उरला. तिचा हात पिठावर असा काही बसला की गिऱ्हाईकं कौतुक करायची. मी पिठाच्या हातानेच मिशीला पीळ देत म्हणायचो, "खाण तशी माती!"

चार महिन्यांत ती शिंकायला लागली, मग खोकायला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला दमा, ॲलर्जी?" तिने तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "छे! आमच्या घराण्यात साधी शिंक नाही." खोटं बोललो आणि वर छातीही फुगवली. बाईंनी सर्दीचं औषध लिहून दिलं.

काल दुपारी मैद्याचं पोतं रिकामं करता करता ती मटकन खाली बसली. ओठ निळे पडलेले, शब्द फुटेना. मी डब्याकडे धावलो, पंप हलवला, तिच्या तोंडात धरला. "श्वास सोड. आता ओढ. धरून ठेव." हात सवयीने चालले होते, आणि ती माझ्या हातांकडेच बघत होती.

दवाखान्यात माझ्या हातातला पंप बघून बाईंनी मला बाजूला घेतलं. "दमा आईबापांकडून जसाच्या तसा येत नाही हो. येतो तो कल. बाकीचं काम मैद्याच्या धुळीने केलं. तेव्हाच खरं बोलला असतात, तर मी तिला त्या दिवशीच बेकरीतून बाहेर काढलं असतं. आता पिठाजवळ जायचं नाही. कधीच."

मी तिच्या कॉटपाशी जाऊन बसलो. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

"तो पंप कुणाचा, बाबा?"

"माझा," मी म्हणालो. "मला दमा आहे. तुझ्या आजोबांनाही होता."

ती तोंडावरचा मास्क बाजूला करून, एकेका शब्दाला श्वास पुरवत म्हणाली, "खाण तशी माती, बाबा."

आणि मास्क परत लावून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.